गर्दीवरचा ठपका

रॉक संगीताच्या श्रोत्याविषयी आपल्याकडच्या सुशिक्षित घरांत एक मत इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. हा श्रोता गाणे ऐकायला जात नाही, धुडगूस घालायला जातो. तो ओरडतो, उड्या मारतो, शेजाऱ्याला धक्के देतो, आणि गर्दीत शिरला की त्याचे भान सुटते, असे ते मत. पुरावा म्हणून चेंगराचेंगरीच्या दोन-चार बातम्या पुढे केल्या जातात. मुलगी पहिल्यांदा 'कॉन्सर्टला जाऊ का' असे विचारते तेव्हा घरात जी कुजबुज सुरू होते तिच्या मुळाशी हेच मत असते. पोलीस परवानगीच्या वेळी, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आणि संगीतविषयक भाषणांतही तेच डोकावते.

हे मत मांडणारी माणसे उथळ नाहीत आणि त्यांची काळजी खोटी नाही. या मताला विद्वत्तेचे पाठबळही आहे. ग्युस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ साली गर्दीच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिले. गर्दीत मिसळलेला माणूस स्वतःची विवेकबुद्धी गमावतो, भावना रोगाच्या साथीसारखी पसरते आणि एरवी सभ्य असणारा गृहस्थ रानटी अवस्थेकडे घसरतो, असा त्याचा सिद्धान्त. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी पोलीस, पत्रकार आणि सामान्य वाचक कळत-नकळत ल बाँचीच भाषा बोलतात. पूर्वपक्ष असा भक्कम आहे. त्यातली सर्वांत जड बाब मृत्यूंची आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

३ डिसेंबर १९७९ची संध्याकाळ. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात, नदीकाठच्या रिव्हरफ्रंट कोलिझियममध्ये 'द हू' या इंग्लिश बँडचा कार्यक्रम होता. अठरा हजारांच्या आसपास तिकिटे विकली गेली होती आणि त्यांतली बहुसंख्य बिनक्रमांकाची होती. आधी पोहोचेल त्याला पुढची जागा, असा हिशेब. साहजिकच लोक दुपारपासून येऊ लागले. थंडी होती, दारे बंद होती, आणि दारांसमोरच्या मोकळ्या जागेत हजारो माणसे दाटत गेली. बँडचे साउंडचेक उशिरा सुरू झाले. त्याचा आवाज बाहेर ऐकू आला तेव्हा पुष्कळांना कार्यक्रमच सुरू झाला असे वाटले. दारे मात्र मोजकीच उघडली. पुढचे लोक दारांवर दाबले गेले. मागच्यांना पुढे काय चालले आहे ते दिसत नव्हते. अकरा जण गुदमरून मेले. त्यांतले सर्वांत लहान पंधरा वर्षांचे होते. आत कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला, कारण बँडला हे कोणी कळवलेच नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून जे छापून आले त्यात रॉकवेड्या पोरांनी एकमेकांना तुडवल्याचे चित्र होते. काही स्तंभलेखकांनी त्यांना रानटी ठरवले. जगाच्या स्मरणात आजही तेच चित्र आहे. पण सिनसिनाटी विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ नॉरिस जॉन्सन यांनी प्रत्यक्षदर्शींच्या पोलिसांनी नोंदवलेल्या जबान्या वाचून काढल्या आणि १९८७ साली आपले निष्कर्ष 'सोशल प्रॉब्लेम्स' या नियतकालिकात मांडले. त्या जबान्यांत दुसऱ्याच्या अंगावर पाय देऊन पुढे धावणारी झुंड सापडत नाही. पडलेल्याला उठवू पाहणारे, अनोळखी मुलीला वर उचलून धरणारे, मागच्यांना ओरडून 'सरका' म्हणणारे लोक सापडतात. मदत करणाऱ्यांचे हात कमी पडले, कारण हात हलवायलाही जागा नव्हती. ज्यांनी दाब दिला त्यांना आपण दाब देतो आहोत हे ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांच्याकडे तो थांबवण्याचा उपाय नव्हता.

गर्दीच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्यांत जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याचे नाव मोठे आहे. एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसे उभी राहिली की गर्दी एखाद्या द्रवासारखी वागू लागते, हे त्याने दाखवून दिले. मग कोणत्या दिशेने जायचे ते माणूस ठरवत नाही. कुठेतरी लागलेला छोटा धक्का लाटेसारखा सगळ्या जमावातून फिरतो आणि दहा-वीस फुटांवरच्या माणसाला जमिनीवरून उचलतो. छाती फुगायला जागा राहत नाही. माणसे पायाखाली सापडून मरतात असा आपला समज असतो; प्रत्यक्षात अशा ठिकाणी बहुतेक जण उभ्या-उभ्या श्वास कोंडून मरतात. त्या क्षणी कोणी सभ्य आहे की असभ्य, रॉक ऐकतो की भजन, याला काडीचाही अर्थ उरत नाही. जागा किती, दारे किती, आत सोडण्याचा वेग किती आणि मागच्यांना खबर पोहोचवायची सोय काय, एवढ्यावर सगळे ठरते.

मराठी वाचकाला हे समजायला ओहायोला जाण्याची गरज नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी मुंबईत परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या पुलावर तेवीस माणसे गेली. पाऊस आला म्हणून लोक पुलाच्या आडोशाला थांबले, गाड्यांमधून माणसे उतरत राहिली आणि अरुंद जिना तुंबला. तिथे संगीत नव्हते, नशा नव्हती, तरुणाईचा जोश नव्हता. कामावर निघालेले, खांद्याला डब्याची पिशवी लावलेले स्त्री-पुरुष होते. त्यांच्या संस्कारांवर कोणी बोट ठेवले नाही, आणि ते योग्यच झाले. सगळ्यांनी पुलाच्या रुंदीबद्दल विचारले. हाच प्रश्न सिनसिनाटीच्या मुलांच्या वाट्याला मात्र लवकर आला नाही. निदान शहराच्या कारभाऱ्यांना तरी तो सुचला, हे नोंदवले पाहिजे. दुर्घटनेनंतर त्याच महिन्यात शहराने बिनक्रमांकाच्या जागांवर बंदी घातली आणि ती पुढे २००४पर्यंत टिकली. मुलांना शिस्त लावण्याच्या फंदात न पडता त्यांनी तिकीट विकण्याची पद्धत बदलली.

आपल्या देशातले एक उदाहरण तर प्रयोगशाळेत मांडावे इतके स्वच्छ आहे. ऑक्टोबर २०११मध्ये 'मेटॅलिका' हा बँड भारतात पहिल्यांदा आला. २८ तारखेला गुडगावमध्ये कार्यक्रम होता. गर्दीच्या रेट्याने पुढचे बॅरिकेड मोडले, सुरक्षिततेच्या कारणावरून कार्यक्रम पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, आणि तासन्‌तास ताटकळलेल्या श्रोत्यांतल्या काहींनी रंगमंचाची मोडतोड केली. आयोजकांपैकी काही जणांना अटक झाली. नासधूस करणाऱ्यांचे समर्थन मी करणार नाही. पण दोनच दिवसांनी, ३० तारखेला, बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर तोच बँड हजारो श्रोत्यांपुढे वाजवत होता आणि कार्यक्रम सुरळीत पार पडला. संगीत तेच, देश तोच, वयोगट तोच आणि वेडही तेच. फरक पडला तो मैदानाच्या आखणीत आणि बंदोबस्तात. रॉकमुळे माणसे पिसाळत असती तर ती दोन्हीकडे पिसाळायला हवी होती.

युरोपातली गोष्ट अधिक वेदनादायक आहे. डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात ३० जून २००० रोजी 'पर्ल जॅम' वाजवत असताना रंगमंचापुढच्या गर्दीत नऊ तरुण गुदमरून गेले. गायक एडी व्हेडरने गाणे थांबवून लोकांना मागे सरकण्याची विनंती केली आणि लोक सरकले. पण तोवर उशीर झाला होता. त्यानंतर रॉस्किल्डने रंगमंचापुढची जागा कुंपण घालून विभागली आणि प्रत्येक विभागात किती माणसे सोडायची हे ठरवून दिले. महोत्सव आजही भरतो, तरुण आजही उड्या मारतात.

ह्यूस्टनचा ॲस्ट्रोवर्ल्ड महोत्सव हा खरे तर रॅपचा, पण रॉकविरोधी माणसे त्याचाही दाखला देतात, म्हणून त्याचेही बघू. ५ नोव्हेंबर २०२१ रोजी तिथल्या गर्दीत चेंगरून दहा जीव गेले, त्यांत एक नऊ वर्षांचे मूल होते. त्या रात्रीची चित्रफीत जगाने पाहिली आहे. दाटीतून कशीबशी बाहेर पडलेली एक मुलगी कॅमेऱ्याच्या मचाणाची शिडी चढून वर जाते आणि 'लोक मरत आहेत, कार्यक्रम थांबवा' म्हणून कॅमेरामनच्या विनवण्या करते. खाली उभ्या असलेल्यांतूनही थांबवण्याचा घोष चालू असतो. कार्यक्रम तरीही चालू राहतो. ल बाँच्या सिद्धान्ताप्रमाणे या मुलीची विवेकबुद्धी गर्दीत विरघळून जायला हवी होती. त्या मैदानावर सर्वांत शुद्ध विवेक तिच्याचकडे होता. नव्हता तो व्यवस्थेकडे.

ल बाँने पाहिलेली गर्दी कोणती होती हेही विसरता कामा नये. १८७१च्या पॅरिस कम्यूनच्या आठवणी ताज्या असताना, रस्त्यावर उतरलेल्या कष्टकऱ्यांची धास्ती घेतलेल्या वर्गासाठी त्याने लिहिले. गर्दीच्या आत शिरून, तिच्यातल्या माणसांशी बोलून त्याने काही गोळा केले नव्हते. अलीकडे स्टीफन रायकर, क्लिफर्ड स्टॉट आणि जॉन ड्र्युरी या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी आंदोलने, फुटबॉलचे सामने आणि संकटात सापडलेले जमाव यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. गर्दीत माणूस स्वतःला हरवत नाही, 'मी'च्या जागी 'आम्ही' धरून विचार करतो, असे त्यांना दिसून आले. तो 'आम्ही' कसा असेल यावर वागणे ठरते. संकटात अनोळखी माणसे एकमेकांना आपल्यातली मानू लागतात आणि मदतीला धावतात, हे ड्र्युरींच्या कामातून पुन्हा पुन्हा पुढे येते. सिनसिनाटीच्या जबान्यांशी हे तंतोतंत जुळते.

आता मरणाच्या छायेतून बाहेर येऊन नेहमीच्या रात्रीकडे वळतो, कारण हजारो कार्यक्रम काहीही विपरीत न घडता पार पडतात आणि श्रोत्याचे वागणे तिथेच नीट बघता येते. बाहेरच्याला सर्वांत भयंकर वाटतो तो मॉश पिट, म्हणजे रंगमंचापुढची ती मोकळी जागा जिथे पोरे एकमेकांवर आदळत फिरतात. पुण्यातल्या एका मेटल गिगमध्ये मी त्या पिटच्या कडेला उभा होतो. ड्रमचा वेग वाढला तसे मध्ये चांगलेच रान पेटले. तेवढ्यात एका किडकिडीत मुलाचा चष्मा उडाला. त्याने दोन्ही हात वर केले आणि खाली वाकला. पुढच्या क्षणी त्याच्याभोवतीच्या तिघांनी बाहेरच्या बाजूला पाठ करून, हात पसरून कडे केले. आणखी दोघांनी मोबाइलचे टॉर्च जमिनीवर धरले. धक्के येत होते ते त्या तिघांच्या पाठींवर. चष्मा सापडला, एक काडी वाकलेली होती. ज्याला सापडला त्याने तो आपल्या टी-शर्टला पुसून मुलाच्या हातात दिला, खांद्यावर थाप मारली आणि कडे सुटले. गाणे एका मात्रेनेही थांबले नव्हते. त्या पाच जणांत एकमेकांच्या ओळखीचे कोणी असेल असे मला वाटले नाही.

हा त्या रात्रीचा योगायोग नव्हता. पिटचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण जगभर तेच आहेत. पडलेल्याला लगेच उचलायचे. कोपरे आत ठेवायची. ज्याला आत यायचे नाही त्याला ओढायचे नाही. कडेला उभे असलेले लोक तळहात पुढे करून उभे राहतात, म्हणजे आतून भेलकांडत येणारा त्यांच्या हातांवर येतो आणि मागच्या मुलांपर्यंत धक्का पोहोचत नाही. कोणाचा बूट सापडला तर तो उंच धरायचा. रागाने कोणी ठोसा मारला की पाच-सहा जण त्याला धरून बाहेर काढतात, बाउन्सर यायच्या आधी. कॉर्नेल विद्यापीठातल्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी अशा पिटच्या चित्रफितींचा अभ्यास करून २०१३ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये शोधनिबंध लिहिला. पिटमधल्या माणसांचे वेग वायूच्या रेणूंच्या वेगांसारखे विखुरलेले असतात, आणि गोल फिरणाऱ्या पिटमध्ये भोवऱ्यासारखी रचना आपोआप उभी राहते, असे त्यांना आढळले. म्हणजे कोणी सूत्रधार नसताना तिथे रचना तयार होते. मी यात माझी भर एवढीच घालीन की ही रचना टिकते ती कडेला तळहात पुढे करून उभ्या राहिलेल्या माणसांमुळे.

इथे प्रतिपक्ष एक खरा मुद्दा काढू शकतो आणि तो मी स्वतःच काढतो. नियम असले तरी ते नेहमी पुरे पडत नाहीत. १९९६ साली डब्लिनमध्ये 'स्मॅशिंग पम्पकिन्स'च्या कार्यक्रमात सतरा वर्षांची एक मुलगी गर्दीत चेंगरून मेली, आणि या बँडने मॉशिंगविरुद्ध उघड भूमिका घेतलेली होती. वॉशिंग्टनचा 'फुगाझी' हा बँड तर धक्काबुक्की करणाऱ्याला गाणे थांबवून समज देत असे आणि ऐकले नाही तर तिकिटाचे पैसे हातावर ठेवून बाहेर काढत असे. तिकीटही मुद्दाम पाच डॉलरच्या आसपास ठेवलेले, म्हणजे कोणाला परवडत नाही असे होऊ नये. श्रोत्याने कसे वागावे हा वाद रॉकच्या आतच, वादकांनी आणि श्रोत्यांनी मिळून, हिरिरीने घातलेला आहे. ज्या समूहात शिस्तीची चाडच नसते त्यात असा वाद होत नाही.

स्त्रियांचा प्रश्न याहून गंभीर आहे. गर्दीच्या आडोशाने अंगचटीला जाणे हे रॉकच्या मैदानावर घडले आहे आणि घडते. १९९९च्या वुडस्टॉकमध्ये बलात्काराच्या तक्रारीही झाल्या. त्या महोत्सवाची व्यवस्था किळसवाणी होती: भर जुलैत विमानतळाच्या तापलेल्या धावपट्टीवर लाखोंची गर्दी, पाण्याची बाटली चार डॉलरला, तुंबलेली शौचालये, आणि शेवटच्या रात्री वाटलेल्या मेणबत्त्यांनी लागलेल्या आगी. जाळपोळीचे कारण सांगताना मी उकाड्याकडे आणि पाण्याच्या भावाकडे बोट दाखवीन. बलात्काराचे कारण सांगताना नाही. तो गुन्हा करणाऱ्याचा आहे आणि उन्हाने तो तसूभरही हलका होत नाही. पण मग 'गर्दीने केला' असेही म्हणू नये, कारण त्यामुळे गुन्हेगाराला गर्दीत लपायला जागा मिळते. या बाबतीतही पहिले पाऊल टाकले ते रॉकमधल्या मुलींनीच. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला 'बिकिनी किल'ची गायिका कॅथलीन हॅना मुलांना मागे जायला सांगून मुलींना रंगमंचाजवळ बोलावून घेत असे. मुलींसाठी पुढची जागा राखण्याची ही प्रथा पुढे अनेक बँडनी उचलली. आपल्याकडच्या कोणत्या उत्सवाच्या मंडपात पुढची जागा मुलींसाठी मोकळी करा म्हणून व्यासपीठावरून सांगितले जाते, याचा विचार आपण करावा.

आता तो आरोप, जो सर्वांत सुसंस्कृत माणसे करतात: हे लोक ऐकतच नाहीत. खरा रसिक शांत बसतो, असा यामागचा दंडक. हा दंडक संगीताइतकाच जुना आहे असे आपण धरून चालतो, पण तो फार तर दीडशे-दोनशे वर्षांचा आहे आणि तोही युरोपातल्या काही सभागृहांतला. ३ जुलै १७७८च्या पत्रात मोझार्टने वडिलांना पॅरिसमधल्या आपल्या सिंफनीच्या पहिल्या प्रयोगाची हकीकत कळवली आहे. एक जागा लोकांना आवडणार हे त्याला ठाऊक होते, तशी ती आवडली आणि चालू वादनातच टाळ्या पडल्या. तो यावर चिडलेला नाही, खूश आहे. बीथोव्हनच्या सातव्या सिंफनीचा पहिला प्रयोग ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्नात झाला तेव्हा तिचा दुसरा भाग श्रोत्यांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला. फ्रान्झ लिस्टच्या पियानोवादनाने १८४०च्या सुमारास बर्लिनच्या श्रोत्यांची जी अवस्था झाली तिला कवी हाइनेला वेगळे नावच द्यावे लागले. प्रेक्षागृहात अंधार करून श्रोत्याला गप्प बसवण्याची रीत बळावली ती १८७६मध्ये वाग्नरचे बायरॉइटचे नाट्यगृह उघडल्यानंतर. मोझार्टच्या श्रोत्यांना आजच्या सभागृहात नेले तर त्यांना बाहेर काढतील.

आणि मराठी माणसाने तर हा दंडक उगारूच नये. संगीत नाटकाच्या वैभवाच्या काळात श्रोते पदाला वन्समोअर देत, पुन्हा देत, नाटक थांबे, पात्र भूमिका सोडून पद पुन्हा गाई, आणि प्रयोग रात्र सरेपर्यंत लांबे. बालगंधर्वांच्या पदांना मिळणाऱ्या वन्समोअरच्या आठवणी मराठी घराघरांत सांगितल्या जातात, आणि अभिमानाने सांगितल्या जातात. नाट्यदृष्ट्या ते बरोबर होते का यावर वाद झाला आणि व्हायलाच हवा होता. पण ते लोक ऐकत नव्हते असे कोणी म्हटले नाही. खयालाच्या बैठकीत गवई समेवर येतो तेव्हा माना हलतात, 'वाहवा' उमटते, पुढ्यात बसलेल्या जाणत्याचा हात मांडीवर पडतो, आणि त्या दादेवर गवई पुढची जागा घेतो. मुकाट बैठकीत गाणे रंगत नाही, हे कोणताही गवई सांगेल. शरीराने ऐकणे ही आपली जुनी वहिवाट आहे. मेटलच्या श्रोत्याची मान तालावर हलते तेव्हा तो त्याच वहिवाटीवर चालत असतो, फक्त त्याचा ताल आपल्या कानाच्या ओळखीचा नसतो.

रॉकचा श्रोता किती बारकाईने ऐकतो याचा एक कडवट पुरावा १९६६चा आहे. बॉब डिलनने ध्वनिक गिटार सोडून विजेची गिटार आणि बँड घेतला, हे त्याच्या लोकगीतप्रेमी श्रोत्यांना पटले नाही. त्या वर्षी १७ मेला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये एकाने त्याला ख्रिस्ताशी दगा करणाऱ्या शिष्याच्या नावाने हाक मारली. हे वागणे उद्धट होते, आणि माझ्या मते त्या श्रोत्याचे म्हणणेही चुकीचे होते. पण वाद्य बदलल्याने कलेचे इमान बदलते का, हा त्याचा प्रश्न होता. कान बंद ठेवून आलेल्या माणसाला असा राग येत नाही.

मोबाइलबद्दल थोडक्यात. पूर्ण दीड तास हात वर करून चित्रण करणारा माणूस मागच्याचा कार्यक्रम हिरावतो, हे मला मान्य आहे, आणि जॅक व्हाइटने २०१८मध्ये केले तसे कोणी कलावंत फोन पिशवीत बंद करायला लावत असेल तर तो त्याचा हक्क आहे. पण ध्वनिमुद्रण करणारा श्रोता म्हणजे न ऐकणारा श्रोता, हे समीकरण टिकत नाही. 'ग्रेटफुल डेड' या बँडने १९८४मध्ये आपल्या कार्यक्रमांत ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी स्वतंत्र जागाच राखली, कारण एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या रात्रींचे रूप जपून ठेवणारे हे लोक त्यांचे सर्वांत जाणते श्रोते होते. आपल्याकडेही कित्येक थोर गवयांच्या खाजगी बैठका आज ऐकायला मिळतात, त्या कोणा रसिकाने स्पूलचा टेपरेकॉर्डर गादीशेजारी ठेवला म्हणून.

मुंबईतल्या रॉकची कथा सांगताना 'रंगभवन'चे नाव टाळता येत नाही. धोबी तलावाजवळच्या या खुल्या नाट्यगृहात १९८६पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' गाजला आणि या शहरातल्या पोरांनी इथेच हा प्रकार पाहिला, शिकला. तिथले कार्यक्रम पुढे थांबले ते शांतता क्षेत्राच्या नियमामुळे: आजूबाजूला रुग्णालये, महाविद्यालय. रुग्णांची झोप महत्त्वाची आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या बदल्यात शहराने तरुणांना शहराच्या मध्यात, लोकलने जाता येईल अशी, स्वस्त तिकिटाची दुसरी जागा दिली नाही. आता मोठे कार्यक्रम महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर किंवा नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होतात आणि त्यांची तिकिटे सामान्य घरातल्या विद्यार्थ्याला झेपत नाहीत. लहान जागेत, शे-दोनशे जणांत, अनुभवी श्रोत्यांच्या शेजारी उभे राहून पिटचे नियम अंगवळणी पडतात. ती शाळा बंद करून मुलांना एकदम पन्नास हजारांच्या गर्दीत सोडायचे आणि काही बिनसले की त्यांच्या संस्कारांना दोष द्यायचा, हे अन्यायाचे आहे.

म्हणून परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि पालकांना माझी विनंती आहे. आयोजकाला तिकीटविक्रीच्या आधी विचारा: दारे किती आणि ती कधी उघडणार? रंगमंचापुढच्या प्रत्येक विभागात किती माणसे सोडणार आणि ती मोजणार कोण? पाणी फुकट आहे का? मुलीने तक्रार करायची ती कुठे, कोणाकडे? आणि गाणे मध्येच थांबवण्याचा अधिकार कोणत्या माणसाकडे आहे, तो उभा कुठे असेल? याची उत्तरे लेखी मिळाली तर मुलीला खुशाल जाऊ द्या, जमले तर सोबत जा. नाही मिळाली, तर तिकीट काढू नका, आणि का काढले नाही ते आयोजकाला कळवा.